जुलाबाचा आयबीएस अचानक बद्धकोष्ठाकडे वळला तर काय समजायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं. वय ४१, शिक्षिका, सांगलीतून कवठेमहांकाळच्या बाजूला रोज येऊन-जाऊन शाळा. २०१९ च्या महापुरात आठ दिवस गॅस्ट्रो झाला, तेव्हापासून पोट जे बिघडलं ते बिघडलंच, सकाळी कळ येऊन तीन-चार वेळा पातळ. तीन वर्षांपूर्वी दुर्बीण झाली, तुकडा तपासला, सगळं नॉर्मल, आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतडं दिसायला नॉर्मल पण चिडलेलं) असं निदान. आणि आता दोन-अडीच महिने झाले सगळं उलटंच, चार-चार दिवस होत नाही, मग रविवारी एकदम धो धो, रंग काळपट, वर पांढरी चिकट आव, संध्याकाळी पोट नगाऱ्यासारखं. चुलत काकांना सत्तरीत आतड्याचा कॅन्सर झाला होता त्यामुळं झोप उडालीय, परत दुर्बीण करू का हा प्रश्न. आणि मधेच जाता जाता एक ओळ, की पाळीला फार जातं, हिमोग्लोबिन ८.९ आलं म्हणून लोहाच्या गोळ्या चालू केल्यात, शिवाय रोज मूठभर भिजवलेले बेदाणे.

खरं सांगू का, मला त्या सगळ्यात ती एक ओळच महत्त्वाची वाटली. बाकीचं तुम्ही काळजीनं लिहिलंय, ही ओळ सहज लिहिलीय, आणि ओपीडीतही हेच होतं, पेशंट अर्धा तास गॅसबद्दल बोलतो आणि उठताना दारात सांगतो की डॉक्टर, ती शुगरची नवी गोळी सुरू झालीय बघा.

आता आधी हे की आयबीएसमध्ये असं पालटतं का. पालटतं. जुलाबाचा आयबीएस, बद्धकोष्ठाचा आयबीएस, मिश्र आयबीएस ही काय जन्माची जात नाही, वर्ष-दोन वर्षं पेशंटकडं बघत राहिलं तर बरेच जण इकडून तिकडं सरकलेले दिसतात. पण बहुतेक जण मिश्र प्रकारात जातात आणि तिथून परत येतात. निव्वळ जुलाब होते ते एकदम निव्वळ बद्धकोष्ठ, असं सरळ उलटं होणं त्यामानानं कमी दिसतं, आणि जेव्हा दिसतं तेव्हा मी पहिल्यांदा रोग बदलला असं म्हणत नाही, घरात नवीन काय आलंय ते विचारतो. नवीन गोळी, नवीन चूर्ण, नवीन खाणं, नवीन वेळापत्रक. दहातल्या सात-आठ वेळा तिथंच सापडतं, हा माझा सव्वीस वर्षांचा अंदाज, अभ्यासाचा आकडा नव्हे.

तुमच्याकडं तर अशा एक सोडून चार गोष्टी आहेत, लोह, जुलाब थांबवायची गोळी, चूर्ण आणि बेदाणे. लोहाची गोळी बद्धकोष्ठ करते आणि संडास काळी करते, हे तिचं जगजाहीर काम आहे. त्यात तुम्ही लिहिलंय की शाळेतल्या बाथरूमची अवस्था जाण्यासारखी नाही म्हणून रोज सकाळी निघताना जुलाब थांबवायची गोळी घेता. ती सवय जुनी असेल, आधी जुलाब होते तेव्हा निभावून गेली, पण आता वरून लोह पडलं आणि खाली ती गोळी तशीच चालू, म्हणजे दोन कुलपं लागली. मग चार दिवस झाले नाही म्हणून शनिवारी रात्री चूर्ण. आपल्याकडच्या बहुतेक पोट साफ करायच्या चूर्णात सोनामुखी असते, ती आतड्याला चाबूक मारून पळवते, रविवारी सगळं रिकामं. आणि सोमवारी-मंगळवारी परत होत नाही म्हणून तुम्ही घाबरता.

इथं जरा थांबतो, कारण हे कुणी समजावून सांगत नाही. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब, लहान आतड्यातून त्यात रोज दीडेक लिटर पातळ माल येतो, त्यातलं बहुतेक पाणी ते शोषून घेतं आणि शेवटी शे-दोनशे मिली पाणी संडासमधून जातं. या सगळ्याला एक ते तीन दिवस लागतात. सकाळी पोहे खाल्ले आणि लगेच पळावं लागलं तर लोक म्हणतात खाल्लेलं तसंच बाहेर पडतं, तसं नसतं, पोहे अजून पोटातच असतात. पोटात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला सिग्नल जातो की जागा करा, तो सिग्नल सगळ्यांनाच असतो, आयबीएसवाल्यांना जरा जोरात असतो, आणि बाहेर पडतं ते काल-परवाचं. तर रविवारी चूर्णानं टाकी पूर्ण रिकामी केली की ती भरायला दोन-तीन दिवस लागणारच. त्या दिवसांत न होणं हे बद्धकोष्ठ नाहीच, आत माल नाही इतकंच. पण आपण घाबरून बुधवारी परत चूर्ण घेतो, की परत रिकामी. असं वर्षानुवर्षं फिरणारे पेशंट माझ्याकडं आहेत, आणि त्यांना स्वतःला मिश्र आयबीएस आहे असं वाटत असतं. आयबीएसचा प्रकार ठरवताना नियमच आहे की जुलाबाची आणि थांबवायची कुठलीच गोळी चालू नसताना बघायचं, नाहीतर आपण रोग नाही, गोळीच मोजत बसतो.

उलटा घोटाळाही असतो. आत खडे साठलेले असतात आणि त्यांच्या बाजूनं पातळ पाझरतं, पेशंट म्हणतो जुलाब होतायत, केमिस्ट थांबवायची गोळी देतो, आणि अजून घट्ट. तुमचं तसं आहे असं म्हणत नाही, पण कुणी पोट दाबून बघितलंय का हे विचारायला हरकत नाही.

आता काळ्या रंगाचं. लोहानं होणारा काळा रंग हिरवट-काळा, फिका-गडद असा असतो, गोळा बांधलेलाही असू शकतो. वरच्या आतड्यातून किंवा जठरातून रक्तस्राव झाला तर संडास डांबरासारखी चकचकीत, चिकट, पाणी टाकलं तरी भांड्याला धरून बसणारी आणि वास असा की घरातल्यांना कळतं. तसं वाटलं, किंवा सोबत चक्कर, घाम, धडधड असेल तर उत्तराची वाट बघू नका, सरळ ॲडमिट व्हायच्या तयारीनं जा. लाल रक्त दिसलं तर मूळव्याध असेल म्हणून गप्प बसायचं नाही, मूळव्याध असेलही, पण ती बघून ठरवायची गोष्ट आहे.

आव म्हणाल तर आयबीएसमध्ये पांढरी, शेंबडासारखी आव पडणं नेहमीचं. आतड्याचं अस्तर ते रोजच तयार करतं, कडक खडा घासत आला की जास्त दिसतं. आपल्या भागात आव म्हटलं की अमीबा, आणि अमीबा म्हटलं की कडू गोळ्यांचा कोर्स, असं समीकरण बसलेलं आहे. संडासची तपासणी न करता वर्षाला चार-चार कोर्स झालेले लोक बघतो मी. तोंड कडू, जिभेवर थर, आणि आव तिथल्या तिथं. रक्तमिश्रित आव, ताप, मुरडा असेल तर गोष्ट वेगळी. तसंच 'आतड्याला सूज आहे' हे वाक्य. तुमच्या दुर्बिणीत आणि तुकड्यात सूज नाही असं लिहून आलंय ना, मग नाही. आयबीएसमध्ये डोळ्यांना दिसणारी सूज नसते.

मग दुखतं का, फुगतं का? १९७३ सालचा एक प्रयोग आहे, आतड्याच्या शेवटच्या भागात फुगा ठेवून हळूहळू फुगवला. जेवढ्या फुगण्याला बाकीच्या माणसांना जेमतेम काहीतरी जाणवतं तेवढ्यालाच आयबीएसच्या बऱ्याच पेशंटना दुखलं. म्हणजे आत येणारा गॅस, माल तेवढाच, पण नसा आवाज मोठा करून मेंदूकडं पाठवतात. याला 'मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ताणानं वाढतं हे खरं, इन्स्पेक्शनच्या आठवड्यात तुमचं वाढतं हे तुम्हीच लिहिलंय, पण ताणानं तर दमा आणि बीपीही वाढतं, ते कुणी मनाचं म्हणत नाही. आणि तुमचं सुरू कसं झालं बघा, पुराच्या पाण्यातल्या गॅस्ट्रोनंतर. कॅनडात वॉकर्टन नावाच्या गावात मे २००० मध्ये पिण्याच्या पाण्यात घाण मिसळली, दोन हजारांवर लोक आजारी पडले, सात जण गेले, आणि त्या गावाचा पुढं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तर त्यातल्या कितीतरी जणांना आयबीएस राहिलेला आढळला. साधारण गॅस्ट्रो झालेल्या दहातल्या एकाला असं होतं असं आता मानतात. जंतू निघून जातो, पण आतड्याच्या नसा चिडलेल्या राहतात. २०१९ नंतर आणि २०२१ च्या पुरानंतरही आमच्या ओपीडीत 'पुरापासून पोट धरलंय वो' असं म्हणत आलेले लोक होते, ते उगाच म्हणत नव्हते.

संध्याकाळी पोट नगारा होतो त्यात प्रत्येक वेळी गॅस जास्त असतोच असं नाही, हे ऐकून लोक माझ्याकडं संशयानं बघतात. आत जरा भरल्यासारखं झालं की छाती आणि पोटाच्या मधला पडदा खाली ढकलला जातो आणि पोटाचे स्नायू सैल पडतात, आणि पोट पुढं येतं. सकाळी सपाट, संध्याकाळी साडी सैल करावी लागते, झोपून उठलं की परत सपाट, हा चढउतार आयबीएसचाच. जे फुगणं रात्रंदिवस तेवढंच राहतं, आठवड्या-आठवड्याला वाढतं, जेवण दोन घासात भरतं, त्याची मात्र सोनोग्राफी करायची, आणि बाईमाणसात तर अंडाशयही बघायचं, यात उशीर नको.

पाळीचा संबंध तुम्ही विचारला नाही, पण आहे. पाळीच्या आधीच्या आठवड्यात आतडं मंदावतं, आणि पाळी सुरू झाली की गर्भाशयाच्या आकुंचनाची रसायनं शेजारच्या आतड्यालाही हलवतात, पातळ होतं, कळा वाढतात. मग तुमचे ते धो धो रविवार खरंच चूर्णाचे किती आणि पाळीचे किती, हे लिहून ठेवल्याशिवाय कळणार नाही.

बेदाणे. आपल्याकडं हिमोग्लोबिन कमी म्हटलं की शेजारीण पहिल्यांदा बेदाणे, गूळ-शेंगदाणे सांगते, तासगाव जवळ म्हटल्यावर घरात किलोनं असतातही. पण बेदाण्यात फ्रुक्टोज ही साखर आणि फ्रुक्टान ही तिचीच लांब साखळी ठासून भरलेली असते, ते लहान आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही, पुढं मोठ्या आतड्यात जंतू त्याचं आंबवण करतात, गॅस होतो. आणि ८.९ चं हिमोग्लोबिन मूठभर बेदाण्यानं भरून येत नाही. ते बंद करा, पोटाला पंधरा दिवसांत फरक दिसेल. गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना विचारा की एक दिवसाआड चालेल का, गोळीतल्या लोहाच्या क्षाराचा प्रकार बदलता येईल का, कारण एक दिवसाआड घेतली तर प्रत्येक गोळी जास्त चांगली शोषली जाते आणि त्रास कमी होतो असं अलीकडं दिसलंय. चहाबरोबर घेऊ नका, चहानं लोह वाया जातं, आणि शिक्षकांच्या खोलीत दिवसाला चार कप होतात हे मला माहीत आहे, माझी बायको शिक्षिका होती.

आता दुर्बीण. काकांचं वय आणि नातं बघता त्यामुळं तुमचा धोका फारसा वाढत नाही. आई, वडील, सख्खा भाऊ-बहीण यांच्यात असता, त्यातही विशेष करून पन्नाशीच्या आत झालं असतं, तर मी वेगळं बोललो असतो. तीन वर्षांपूर्वीची दुर्बीण नॉर्मल आहे हीसुद्धा तुमच्या बाजूची गोष्ट. पण हिमोग्लोबिन ८.९ हे मी आयबीएसच्या खात्यात टाकणार नाही. आयबीएसनं रक्त कमी होत नाही, वजन घटत नाही, ताप येत नाही. रात्री गाढ झोपेतून संडाससाठी उठवलं जात नाही, पहाटे जाग आल्यावर कळ येणं वेगळं. ज्या माणसाला पंचेचाळीस-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोटाची सवय बदलते त्याला मी आयबीएस असं लेबल लावायला धजत नाही, आधी दुर्बीण. आणि आपल्या देशात आतड्याचा टीबी विसरून चालत नाही, उजव्या बाजूला खाली दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, असं काही असेल तर सांगा.

तुमच्या रक्तक्षयाला पाळी हे कारण पुरेसं वाटतं, पण 'वाटतं' यावर सोडायचं नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून सोनोग्राफी करून घ्या, गाठी आहेत का ते कळेल. सोबत सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन) परत, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइडचं टीएसएच, सीआरपी (शरीरात कुठं सूज आहे का), आणि गव्हाच्या ॲलर्जीसारख्या सीलिॲक आजारासाठी टीटीजी, ही तपासणी गहू खात असतानाच करायची, आधी चपाती बंद करून गेलात तर खोटी नॉर्मल येते. हा आजार आपल्याकडं उत्तरेपेक्षा कमी, पण पोट बिघडलेलं आणि रक्त कमी अशी जोडी असली की बघायचाच. थायरॉइडही तसंच, चाळिशीतल्या बाईला नवीन बद्धकोष्ठ, जास्त पाळी आणि थकवा या तिन्ही गोष्टी ते एकटं करू शकतं, कितीदा तरी उत्तर तिथंच मिळालंय. संडासची कॅलप्रोटेक्टिन तपासणी सांगली-मिरजेत आता मिळते, ती आतड्यात खरी सूज आहे का सांगते. हे सगळं व्यवस्थित आलं आणि दोन महिने लोह घेऊन हिमोग्लोबिन चढलं, तर दुर्बिणीची घाई नाही. चढलं नाही, किंवा पाळी आटोक्यात येऊनही परत उतरलं, तर वरून आणि खालून दोन्ही दुर्बिणी करायच्या, तेव्हा मात्र 'आधी झाली होती' म्हणून टाळायचं नाही.

तोवर घरी काय करायचं ते. सकाळची थांबवायची गोळी बंद, आत्ता तिचं काही काम नाही. चूर्ण बंद. त्याजागी इसबगोल, रात्री एक चमचा, आणि भरपूर पाण्यात कालवून लगेच प्यायचं, वर अजून एक ग्लास पाणी, कोरडं तोंडात टाकायचं नाही, घशात अडकतं. आठवड्यानं दोन चमचे. पहिले चार-पाच दिवस पोट जरा फुगेल, सोडू नका. इसबगोलची गंमत ही की तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळं कडक असेल तर मऊ करतो आणि पातळ असेल तर बांधतो, दोन्हीकडं चालतो. गव्हाचा कोंडा मात्र नको, तो आयबीएसमध्ये बहुतेकांना टोचतोच. इसबगोलनं नाही भागलं तर आतड्यात पाणी ओढून आणणारी पावडर मिळते, तिची सोनामुखीसारखी चाबकाची सवय लागत नाही, पण ती डॉक्टरांकडून लिहून घ्या.

जेवणात सगळं एकदम बंद करू नका. मेलबर्नच्या मोनाश युनिव्हर्सिटीतून आलेला फॉडमॅप आहार, म्हणजे आतड्यात आंबणाऱ्या साखरा कमी करायचा, लोक मोबाईलवर वाचून सुरू करतात, आणि सहा महिन्यांनी नुसता भात आणि ताक एवढ्यावर येतात. तो चार ते सहा आठवड्यांचा प्रयोग आहे, नंतर एकेक पदार्थ परत आणायचा असतो. आणि रक्त कमी असलेल्या बाईनं तो आत्ता कडक करूच नये असं माझं मत. आपल्या घरात मोठा गुन्हेगार एकच, कांदा-लसूण मसाला, तो आमटीत, भाजीत, अख्ख्या मसूरमध्ये, सगळीकडं, आणि दुपारच्या भडंगातही लसूण असतोच. महिनाभर साध्या तिखटावर भाजी करा. लसणाची चव हवी तर अख्ख्या पाकळ्या तेलात तळून काढून टाका, लसणातलं फ्रुक्टान तेलात उतरत नाही, चव उतरते. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग. ज्वारीची भाकरी चालते, चपातीपेक्षा बहुतेकांना बरी पडते.

कमोड असेल तर पायाखाली पाट ठेवा. सकाळचा नाष्टा शाळेत न्यायच्या डब्यात न घालता घरी, निघायच्या तासभर आधी, म्हणजे तो जागा करायचा सिग्नल घरीच मिळेल आणि बसमध्ये धाकधूक होणार नाही. अर्धवट झाल्यासारखं वाटलं तरी दहा मिनिटांच्या वर बसून कुंथायचं नाही, बऱ्याचदा आत काही नसतं, तो चिडलेल्या नसांचा खोटा निरोप असतो. पोटात फार कळा आल्या तर पेटके कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. आणि डॉक्टरांनी पुढं कधी रात्रीची कमी मात्रेची एमिट्रिप्टिलिन, मुळात ही नैराश्याची गोळी, दिली तर 'मला वेड लागलंय का' असं समजू नका, २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या चारशेवर पेशंटच्या अभ्यासात त्या बारीक मात्रेनं आयबीएसला चांगला उतार पडलेला दिसलाय. पण तीही बद्धकोष्ठ करते, त्यामुळं आत्ता नाही.

एक छोटी वही करा. संडास किती वेळा आणि कशी, त्याला ब्रिस्टॉल स्केल म्हणतात, १ ते ७, १ म्हणजे शेळीच्या लेंड्या आणि ७ म्हणजे नुसतं पाणी, ३-४ छान. सोबत कळ आली का आणि होऊन गेल्यावर कमी झाली का, कुठली गोळी घेतली, पाळीचा कितवा दिवस. खाल्लेलं सगळं लिहीत बसू नका, कंटाळून तिसऱ्या दिवशी वही बंद पडते. कळ आणि संडास यांचा संबंध राहिलाय, म्हणजे दुखतं आणि झाल्यावर हलकं वाटतं, तर मूळ आयबीएस तोच आहे. नुसतं न होणं आहे आणि कळ अजिबात नाही, तर ते गोळ्यांचं किंवा थायरॉइडचं असण्याची शक्यता जास्त.

चूर्ण सोडल्यावर पहिला आठवडा वाईट जाईल, तीन दिवस झालं नाही तरी थांबा, पाचव्या दिवशीही नाही आणि पोट दुखून उलटी होतेय, वायूही सरत नाही असं झालं तर दवाखाना. रिपोर्ट आले की हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच आणि कॅलप्रोटेक्टिनचे आकडे लिहून पाठवा, आणि थांबवायची गोळी शेवटची कुठल्या तारखेला घेतली तेही.